करड्या छटांनी घडवलेली रेघ

१९६२ सालच्या उन्हाळ्याची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे आयबीएमच्या प्रयोगशाळेत १४०१ हा संगणक होता आणि त्याला कॅलकॉम्प कंपनीचा प्लॉटर, म्हणजे कागदावर पेन फिरवणारं यंत्र, जोडलेला होता. त्या पेनाला आठच दिशांना जाता येई आणि एका हुकुमाला ते इंचाच्या शंभराव्या भागाएवढं सरके. अशा यंत्राकडून कुठल्याही कोनातली सरळ रेघ काढून घेण्याचं काम जॅक ब्रेझनहॅम या पंचविशीतल्या तंत्रज्ञाकडे होतं. त्यांनी काढलेली युक्ती आजही संगणकशास्त्राच्या पहिल्या धड्यांत शिकवली जाते. प्रत्येक पावलाला पेन खऱ्या रेघेपासून किती ढळलं याचा हिशेब ठेवायचा आणि ते अर्ध्या पावलाहून जास्त ढळलं की पुढचं पाऊल तिरपं टाकायचं. त्यासाठी ना गुणाकार लागतो ना भागाकार. पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी पुरते. १९६५मध्ये ही रीत आयबीएमच्या नियतकालिकात छापून आली आणि पुढची तीस वर्षं पडद्यावर उमटलेल्या असंख्य नकाशांतल्या रस्त्यांची, नद्यांची आणि सीमांची आखणी याच हिशेबाने झाली.

या रीतीत एक गृहीत दडलेलं होतं. एखाद्या जागी रेघ एक तर आहे, नाही तर नाही. मधलं काही नाही. कागदावर हे खपून गेलं. पेनाचं टोक जाड होतं, शाई थोडी पसरायची आणि पायऱ्या तिच्यात बुडून जायच्या. पडद्यावर मात्र त्या पायऱ्या उघड्या पडल्या. नकाशाला हे फार जाचलं, कारण नकाशा मुळात रेघांचाच असतो. छायाचित्रात कडा दातेरी दिसली तरी चेहरा ओळखू येतो. नकाशात रेघ बिघडली की आशयच बिघडतो. सरळ रस्ता नागमोडी वाटतो, नदीचं वळण कोपऱ्यासारखं दिसतं, आणि जवळून धावणारा रस्ता व लोहमार्ग एकमेकांत मिसळून जातात.

किरणाने काढलेली रेघ

सुरुवातीच्या काळात ही अडचण टाळण्याचा एक मार्ग होता. १९६३मध्ये इव्हान सदरलँड यांनी एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत टीएक्स-२ संगणकावर ‘स्केचपॅड’ हा प्रोग्रॅम उभा केला, तेव्हा पडद्यावरची चित्रं चौकोनी जाळीत साठवलेली नव्हती. इलेक्ट्रॉनचा किरण हवा तिकडे वळवून चित्र थेट काचेवर उमटवलं जाई. पुढे याच कल्पनेवरचे व्हेक्टर पडदे आले. त्यांच्यावर किरण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाई आणि रेघ स्वच्छ उमटे. १९८५मध्ये कॅलिफोर्नियातल्या एटॅक कंपनीने मोटारीत बसवायचा ‘नॅव्हिगेटर’ बाजारात आणला, त्यातही असाच लहानसा व्हेक्टर पडदा होता. कॅसेटवर साठवलेल्या रस्त्यांच्या हिरव्या रेघा गाडी वळेल तशा फिरत आणि गाडीचं चिन्ह मात्र पडद्यावर एका जागी स्थिर राही. फिरतानाही त्या रेघा दातेरी होत नसत.

पण या पडद्याला रंग भरता येत नव्हते. तळ्याचा निळा, वनाचा हिरवा, डोंगराची छाया त्याच्या आवाक्याबाहेर होती, आणि रेघा फार झाल्या की चित्र लुकलुकू लागे. भविष्य दुसऱ्याच जातीच्या पडद्याचं होतं. १९७३मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी ‘सुपरपेंट’ ही यंत्रणा चालू केली. चित्राच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग तिच्या स्मृतीत वेगळा साठवला जाई. अशा स्मृतीला फ्रेमबफर म्हणतात. ती भयंकर महाग होती. पुढच्याच काळात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने विकत घेतलेल्या एका फ्रेमबफरला सुमारे ८०,००० डॉलर पडले होते. पण स्मृती स्वस्त होत गेली, ठिपक्यांचा पडदा घराघरांत पोचला आणि दातेरी रेघही त्याच्याबरोबर आली.

ही रेघ दातेरी का होते, ते पाहायला अंगणातल्या चौकोनी फरश्यांवर एक तिरपी दोरी टाकावी. आता दोरी उचलून तिची जागा फक्त अख्ख्या फरश्या रंगवून दाखवायची, अशी अट घातली तर हाती जिनाच लागेल. अर्धी फरशी रंगवण्याची मुभा नाही. पण जिच्यावरून दोरी निम्मी गेली ती फरशी फिकी आणि जिच्यावरून पुरती गेली ती गडद रंगवायची मुभा असेल, तर दुरून पाहणाऱ्याला दोरी पुन्हा दिसू लागते. पडद्यावरच्या रेघेचा पुढचा सगळा इतिहास या मुभेचा आहे.

युटामधला प्रश्न

या मुभेमागचा सिद्धांत आधी दूरध्वनी-तारायंत्राच्या क्षेत्रात जन्मला होता. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८मध्ये आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९मध्ये दाखवून दिलं होतं की एखादा संकेत ठरावीक अंतराने मोजायचा असेल, तर त्यातल्या सर्वांत जलद चढउताराच्या दुपटीहून अधिक वेगाने मोजमाप घ्यावं लागतं. तसं केलं नाही तर तो जलद चढउतार नुसता गळून पडत नाही, तर भलत्याच संथ चढउताराचं सोंग घेऊन परत येतो. याला एलियासिंग म्हणतात. काळ्या-पांढऱ्या रेघेची कड ही अशीच अतिजलद घटना आहे, कारण रंग तिथे एका क्षणात बदलतो. कितीही बारीक जाळी घेतली तरी अशी कड तिच्यात पुरती मावत नाही.

हा सिद्धांत चित्रांना नेटाने लावून पाहण्याचं काम युटा विद्यापीठात झालं. सदरलँड तिथे शिकवत होते, आणि वैमानिकांच्या सरावाची यंत्रं बनवणारी इव्हान्स अँड सदरलँड ही कंपनी त्याच परिसरात १९६८मध्ये निघाली होती. उड्डाणाच्या चित्रात धावपट्टीची कड दातेरी असली की विमान हलताच ते दात कडेवरून सरपटताना दिसत. फ्रँकलिन क्रो यांनी १९७६मध्ये याच विषयावर पीएच.डी. मिळवली आणि १९७७मध्ये आपलं म्हणणं एका गाजलेल्या लेखात मांडलं. दोष तीन ठिकाणी दिसतो, असं त्यांनी दाखवलं: वस्तूंच्या कडांवर, फार लहान वस्तूंत आणि बारीक तपशिलांची गर्दी असते त्या भागात.

क्रो नकाशांबद्दल लिहीत नव्हते, तरी हे तिन्ही दोष नकाशाला तंतोतंत लागू पडतात. जिल्ह्याची सीमा ही कड आहे. पिक्सेलहून, म्हणजे पडद्यावरच्या एका ठिपक्याहून, अरुंद ओढा ही लहान वस्तू आहे. तो ठिपक्यांच्या मध्यबिंदूंना चुकवून गेला की पडद्यावर तुटक-तुटक उमटतो. आणि उभ्या कड्यावर दाटीवाटीने आलेल्या समोच्च रेषा हा तपशिलांचा गर्दीचा भाग. सह्याद्रीच्या पश्चिमेकडच्या उतारांसारखा प्रदेश लहान प्रमाणावर दाखवला तर या रेषा एकमेकींत अडकून प्रत्यक्षात नसलेले पट्टे आणि नक्षी तयार करतात.

क्रो यांचा उपाय विचाराच्या पातळीवरचा होता. पिक्सेल हा बिंदू न मानता त्याला क्षेत्र मानायचं, आणि त्या क्षेत्राचा किती हिस्सा वस्तूने व्यापला आहे ते मोजून तेवढी छटा द्यायची. या उपायाला अँटिएलियासिंग म्हणतात. त्याला अनेक जण आजही धूसरपणा समजतात. मला तो समज अन्यायाचा वाटतो. दातेरी रेघेतला प्रत्येक काळा चौकोन ‘मी पूर्ण रेघ आहे’ असं सांगतो, आणि बहुतेक वेळा ते खोटं असतं. करडा चौकोन आपल्या वाट्याला रेघेचा जेवढा भाग आला तेवढाच सांगतो. पडद्यावर अचूकता आली ती या करड्या रंगातून.

छटा किती, आणि किती लवकर

विचार पटला तरी हिशेब जड होता. ब्रेझनहॅम यांची रीत दर पावलाला एकच ठिपका रंगवत होती. आता रेघेच्या दोन्ही अंगांच्या ठिपक्यांवर किती क्षेत्र व्यापलं तेही काढावं लागणार होतं. १९८१मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सतीश गुप्ता आणि रॉबर्ट स्प्रूल यांनी यावर तोडगा मांडला. पिक्सेलच्या मध्यापासून रेघ किती दूर आहे यावर छटा ठरते, तर ती प्रत्येक वेळी नव्याने काढायची कशाला? अंतर आणि छटा यांचं कोष्टक आधीच तयार ठेवायचं आणि रेघ काढताना त्यात पाहायचं. १९९१मध्ये कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातल्या शियाओलिन वू यांनी त्याहून सुटसुटीत रीत दिली. प्रत्येक स्तंभात रेघेच्या वरचा आणि खालचा असे दोनच ठिपके घ्यायचे आणि शाई त्या दोघांत अंतराच्या प्रमाणात वाटून द्यायची. वेग ब्रेझनहॅमच्या जवळपास आणि रेघ गुळगुळीत.

मधल्या काळात आणखी एक महत्त्वाची गोष्ट झाली. एका चौकोनात रेघ निम्मी असेल तर उरलेल्या निम्म्यात खालचं चित्र दिसायला हवं. एड कॅटमुल आणि आल्वी रे स्मिथ यांनी न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक ठिपक्याच्या रंगासोबत त्याची अपारदर्शकताही साठवायला सुरुवात केली होती. १९८४मध्ये लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी अशी चित्रं एकावर एक बसवण्याचं गणित नीट बांधून दिलं. नकाशा हा थरांचाच असतो. जमिनीवर पाणी, पाण्यावर पूल, पुलावर रस्ता. त्या थरांची मांडणी आजही बव्हंशी याच गणिताने होते.

जाळ्यावरचा दातेरी काळ

एवढं सगळं शोधून झालं होतं, तरी सामान्य माणसासमोर आलेला पहिल्या पिढीचा डिजिटल नकाशा दातेरीच होता. नकाशाकार तोवर संगणकाला सरावले होते. हॉवर्ड फिशर यांच्या ‘सिमॅप’ या प्रोग्रॅमने १९६०च्या दशकात छपाईयंत्राची अक्षरं एकावर एक ठोकून करड्या छटांचे नकाशे काढले होते, आणि त्यांची हार्वर्ड विद्यापीठातली प्रयोगशाळा त्याच कामासाठी प्रसिद्ध झाली होती. पण १९९३मध्ये झेरॉक्सच्या त्याच पालो आल्टो केंद्रातल्या स्टीव्ह पुट्झ यांनी वेबवर वाचकाच्या हुकुमाने बदलणारा पहिला नकाशा ठेवला, तेव्हा परिस्थिती वेगळी होती. वाचक क्लिक करी, सर्व्हर त्या क्षणी नवं चित्र काढी आणि ते टेलिफोनच्या तारेवरून मंद गतीने जाई.

त्या चित्राचं स्वरूप जिफ असे, आणि जिफमध्ये जास्तीत जास्त २५६ रंग मावत. रस्ता पांढऱ्या जमिनीवरून, हिरव्या बागेवरून आणि निळ्या पाण्यावरून गेला की गुळगुळीत कडेसाठी प्रत्येक जोडीच्या मधल्या छटा वेगळ्या लागतात. रंगांचा साठा बघता बघता संपे. शिवाय सपाट रंगाचं चित्र चांगलं दबतं, छटांचं तितकंसं दबत नाही, म्हणून फाइल फुगे. आणि दर क्लिकला सर्व्हरला जास्त गणित करावं लागे, ते वेगळंच. मिनेसोटा विद्यापीठात नासाच्या मदतीने घडलेला ‘मॅपसर्व्हर’ हा त्या काळातला फार उपयोगी खुला प्रोग्रॅम. तोही चित्रांसाठी जीडी या साध्या संचावर अवलंबून होता आणि त्याच्या रेघांना दात असत. ठाऊक असलेली चांगली रीत परवडत नव्हती, एवढंच त्याचं कारण.

अक्षरांकडून आलेला वारसा

कोंडी दोन बाजूंनी फुटली. पहिली बाजू साठवणुकीची. ८ फेब्रुवारी २००५ रोजी गूगल मॅप्स सुरू झाला. त्यामागचं काम सिडनीतल्या लार्स आणि जेन्स रासमुसेन या भावांच्या लहान कंपनीतून पुढे आलं होतं. इथे नकाशा २५६ पिक्सेलच्या चौरस टाइलांत आधीच काढून ठेवलेला असे. एकदा काढलेली टाइल लाखो लोक पाहणार असतील तर तिच्यावर जास्त वेळ घालवणं परवडतं. क्लिकगणिक नकाशा काढण्याची सक्ती गेली आणि गुळगुळीत रेघेची किंमत नगण्य झाली.

दुसरी बाजू कारागिरीची, आणि तिची वंशावळ मला फार मोलाची वाटते. राफ लेव्हिएन यांनी लिबआर्ट नावाचा चित्रसंच लिहिला होता. त्यातल्या कल्पना घेऊन डेव्हिड टर्नर यांनी फ्रीटाइप या फॉन्टच्या संचासाठी नवी रीत लिहिली. ती प्रत्येक पिक्सेलचा किती भाग अक्षराने व्यापला हे अंदाजाने नव्हे तर नेमकं काढते. मॅक्सिम शेमानारेव यांनी टर्नर यांची ही रीत आपल्या ‘अँटी-ग्रेन जॉमेट्री’ या संचात घेतली आणि अक्षरांपलीकडे कुठल्याही आकृतीला लावली. पिक्सेलच्या २५६व्या भागापर्यंत स्थानाची अचूकता आणि व्याप्तीच्या २५६ पायऱ्या त्यांनी दिल्या. हे सगळं खुलं ठेवलं होतं.

२००५मध्ये ब्रिटनमधल्या आर्टेम पाव्हलेन्को यांनी नकाशे काढण्यासाठी ‘मॅपनिक’ लिहायला घेतलं. नकाशा देखणा असायलाच हवा, हा त्यांचा हट्ट होता. म्हणून रेघांसाठी त्यांनी शेमानारेव यांचा संच निवडला. त्याआधी एक वर्ष, २००४मध्ये, स्टीव्ह कोस्ट यांनी लंडनमध्ये ओपनस्ट्रीटमॅपची मुहूर्तमेढ रोवली होती. जगभरचे स्वयंसेवक हातात जीपीएस घेऊन रस्ते नोंदवत होते. त्यांच्या नोंदी मॅपनिकमधून छापील नकाशाच्या तोडीच्या रेघांनी उमटू लागल्या, तेव्हा या हौशी उद्योगाकडे पाहण्याची नजर बदलली. २००७मध्ये मॅपसर्व्हरच्या ५.० आवृत्तीनेही तोच संच स्वीकारला. शेमानारेव २०१३मध्ये अकाली गेले. ज्यांनी त्यांचं नाव कधी ऐकलं नाही असे कोट्यवधी लोक त्यांच्या रेघा रोज पाहत होते.

गुळगुळीतपणाची किंमत

छटा आल्या तशा नव्या अडचणीही आल्या आणि नकाशाकारांना त्या एकेक करून शिकाव्या लागल्या. सर्वांत प्रसिद्ध अडचण शेजारच्या सीमांची. दोन तालुके एकाच रेघेवर भेटतात आणि ती रेघ एका पिक्सेलच्या बरोबर मधून जाते, असं समजा. पहिल्या तालुक्याचा रंग त्या पिक्सेलचा ५० टक्के भाग झाकतो. दुसरा तालुका उरलेल्याच्या निम्मं, म्हणजे २५ टक्के, झाकतो. बेरीज ७५ होते आणि मागची पांढरी पार्श्वभूमी २५ टक्के झिरपते. दोन प्रदेशांच्या मध्ये, कुणीही न आखलेली, केसाएवढी फिकी फट दिसते. दोष गणिताचा आहे: किती भाग झाकला हे त्याला कळतं, पण कुठला भाग झाकला हे कळत नाही. मॅपनिकमध्ये यासाठी कडेची छटा गडद करण्याची सोय द्यावी लागली; कित्येक नकाशाकार त्या फटीवरून त्याच रंगाची बारीक रेघ फिरवून ती बुजवतात.

दुसरी अडचण पडद्याच्या स्वभावाची. पिक्सेलला निम्मं मूल्य दिलं तर तो निम्मा उजेड देत नाही; साधारण २२ टक्केच देतो. म्हणून पांढऱ्यावरची काळी रेघ हवी त्याहून जाड दिसते आणि काळ्यावरची पांढरी रेघ बारीक. दिवसाच्या नकाशात शोभणारी रस्त्याची जाडी रात्रीच्या गडद नकाशात अपुरी वाटते ती यामुळेच.

तिसरी अडचण आडव्या-उभ्या रेघांची. एक पिक्सेल जाडीची रेघ दोन ओळींच्या बरोबर सीमेवर पडली तर ती दोन्ही ओळींत निम्मी-निम्मी वाटली जाते, आणि एका काळ्या रेघेऐवजी दोन पिक्सेल रुंद करडी पट्टी उमटते. अक्षवृत्त-रेखावृत्तांच्या जाळीत हे चटकन खुपतं. अशा ठिकाणी रेघ अर्धा पिक्सेल सरकवावी लागते किंवा गुळगुळीतपणा बंदच करावा लागतो. कुठली रेघ मऊ ठेवायची आणि कुठली धारदार, हा निर्णय शेवटी माणसाच्या डोळ्यानेच होतो.

पुन्हा फिरता नकाशा

२०१०मध्ये आयफोन ४चा ३२६ ठिपके प्रतिइंच इतका दाट पडदा आला आणि आता दात दिसणारच नाहीत असं अनेकांना वाटलं. पण त्याच वर्षाच्या अखेरीस अँड्रॉइडवरचा गूगल मॅप्स तयार चित्रांऐवजी रेघांची माहिती मागवून नकाशा फोनवरच काढू लागला. २०१४मध्ये मॅपबॉक्सने तीच दिशा खुल्या संचातून सर्वांना उपलब्ध करून दिली. नकाशा आता बोटांनी फिरत, कलत आणि सलग मोठा होत होता. क्रो यांनी ज्या सरपटणाऱ्या दातांबद्दल लिहिलं होतं ते दाट पडद्यावरही हलत्या नकाशात जाणवतात. शिवाय टाइल आधी काढून ठेवण्याची सवलत गेली होती. सेकंदाला ६० वेळा नवं चित्र हवं होतं.

हे काम ग्राफिक्स प्रोसेसरकडे गेलं, पण त्याला त्रिकोणच रंगवता येतात आणि त्याची अंगभूत अँटिएलियासिंग ढोबळ असते. दर पिक्सेलला चार नमुने घेतले तर फक्त पाचच पायऱ्या मिळतात. म्हणून नकाशाचे प्रोग्रॅम रेघेला दोन्ही बाजूंना फुगवून तिची त्रिकोणी पट्टी बनवतात, आणि प्रत्येक पिक्सेल रेघेच्या मध्यापासून किती दूर आहे ते काढून कडेच्या शेवटच्या पिक्सेलभर रुंदीत रंग विरत नेतात. अंतरावरून छटा ठरवायची ही कल्पना गुप्ता आणि स्प्रूल यांच्या १९८१च्या कोष्टकाचीच. कोष्टकाची जागा आता हजारो समांतर गणकांनी घेतली आहे.

साठ वर्षांच्या या वाटचालीने रेघ तिच्या खऱ्या जागी आणली खरी, पण ती जागा कोणी ठरवली हा प्रश्न तिला सोडवता येत नाही. वेबवरच्या नकाशाच्या अठराव्या पातळीवर विषुववृत्ताजवळ एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे सुमारे ६० सेंटिमीटर. हातातल्या जीपीएसची चूक सहज काही मीटर, म्हणजे अनेक पिक्सेलांची. आजचं चित्रतंत्र पिक्सेलच्या शेकडो भागांपर्यंत प्रामाणिक आहे. त्याला मिळालेली रेघ मात्र मोजणाराइतकीच प्रामाणिक असते. गुळगुळीत रेघ पाहून नकाशावर विश्वास टाकणाऱ्याने आणि नकाशा काढणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवायला हवं. करड्या छटांनी आपलं काम चोख केलं आहे. नकाशाचा खरेपणा अजूनही जमिनीवर जाऊनच मिळवावा लागतो.